समुद्री गोगलगायींतली औषधं: एका प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

विषय आज नक्की झाला. एम.एस्सी. सेंद्रिय रसायनशास्त्र, दुसरं वर्ष, प्रकल्प: समुद्री गोगलगायींमधली संयुगं आणि त्यांचा औषधी उपयोग. मॅडम म्हणाल्या, "यादी करत बसू नकोस. दोन-तीन रेणू धर आणि त्यांचा शेवटपर्यंत माग काढ." अगदी पटलं. शंभर संयुगांची नावं आणि प्रत्येकापुढे 'कर्करोगविरोधी', 'जिवाणूविरोधी' असे शिक्के मारलेले लेख गेल्या आठवड्यात भरपूर चाळले. प्रयोगशाळेतल्या ताटलीत पेशी मारणारं संयुग आणि रुग्णाच्या शिरेतून जाणारं औषध यांच्यामध्ये नेमकं काय काय घडावं लागतं, हे त्यात कुठेच सापडत नाही. मला तेच शोधायचं आहे.

२१ नोव्हेंबर २०२४

आधी प्राण्याची ओळख. शंख-शिंपल्यांचेच हे भाऊबंद, पण यांच्यातल्या बहुतेकांनी शंख टाकून दिलेला आहे किंवा तो अगदी नावापुरता, अंगाच्या आत उरलेला आहे. चाल मंद, अंग मऊ, रंग लांबून दिसेल असा भडक. तरीही मासे यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. १९६३ मध्ये जोहान्स या शास्त्रज्ञाने फिलिडिया जातीच्या गोगलगायीबद्दल लिहिलं की तिच्या अंगातून सुटणाऱ्या स्रावाने टाकीतले मासे आणि कवचधारी प्राणी मरतात. पुढे हवाईत पॉल शॉयर यांच्या गटाने तो स्राव तपासला आणि १९७५ मध्ये त्यातला आयसोनायट्राइल गट (नायट्रोजन-कार्बनची जोडी) असलेला, टर्पीन या वर्गातला रेणू प्रसिद्ध केला. विशेष हे की तोच रेणू त्यांना एका स्पंजमध्येही मिळाला. ती गोगलगाय तो स्पंज खाते.

हे टिपून ठेवते, कारण पुढे प्रत्येक रेणूच्या बाबतीत हा प्रश्न येणार असं दिसतंय: विष गोगलगायीत सापडलं हे खरं, पण ते तयार कोणी केलं?

२७ नोव्हेंबर २०२४

पहिला रेणू ठरला: डोलास्टॅटिन १०.

डोलाबेला ऑरिक्युलॅरिया हा समुद्री ससा. डोक्यावरच्या दोन शिंगांमुळे ससा म्हणायचं. याच्या विषारीपणाची कीर्ती फार जुनी. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनेही समुद्री सशाच्या विषाबद्दल लिहून ठेवलंय. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे जॉर्ज पेटिट यांनी १९७२ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यावरून हा प्राणी गोळा करवला. त्याचा अर्क ल्युकेमियाच्या पेशींवर जबरदस्त चालत होता. पण अर्कातला नेमका कोणता रेणू हे करतो ते प्रसिद्ध व्हायला १९८७ साल उजाडलं. पंधरा वर्षं!

इतका वेळ का लागला, याचं उत्तर मात्रेत आहे. सुमारे एक टन प्राण्यांमधून हाती आलं जेमतेम २९ मिलिग्रॅम. तेवढ्या चिमटीभरही नसलेल्या पुडीवर एनएमआर, मास स्पेक्ट्रम अशा रचना ओळखायच्या चाचण्या, पेशींवरच्या चाचण्या, सगळं भागवायचं. आज आम्ही प्रयोगशाळेत एका स्पेक्ट्रमसाठी पाच-दहा मिलिग्रॅम सहज काढून देतो आणि सांडलं तरी पुन्हा बनवतो.

रेणूची रचना वहीत काढली. पाच तुकड्यांची माळ: डोलाव्हॅलिन, व्हॅलिन, डोलाआयसोल्युइन, डोलाप्रोइन आणि शेवटी थायाझोल वलय असलेलं डोलाफेनिन. पाचांपैकी फक्त व्हॅलिन आपल्या ओळखीचं अमिनो आम्ल. रेणुभार ७८५. किरल केंद्रं, म्हणजे ज्यांच्याभोवतीची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते असे अणू, मोजली, नऊ भरली. म्हणजे २ चा नववा घात, ५१२ शक्य त्रिमित रूपं, आणि निसर्गाने त्यातलं एकच बनवलेलं. कोणतं, हे २९ मिलिग्रॅमवरून ठरवणं शक्य नव्हतं. म्हणून पेटिट यांच्या गटाने रेणू प्रयोगशाळेत बांधायला घेतला. १९८९ मध्ये पूर्ण संश्लेषण झालं आणि तेव्हाच त्याची खरी त्रिमित रचना पक्की झाली. संश्लेषण म्हणजे 'माल तयार करणं' एवढंच मी समजत होते. इथे ते पुरावा म्हणून वापरलंय. रचना बरोबर आहे हे सिद्ध करायचं असेल तर ती बांधून दाखवा.

४ डिसेंबर २०२४

डोलास्टॅटिन १० काम कसं करतो ते वाचून काढलं. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या ज्या सूक्ष्मनलिका असतात, त्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक रचून बनतात. डोलास्टॅटिन ट्यूब्युलिनला चिकटतो आणि रचाई थांबवतो. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्ब्लास्टिन ट्यूब्युलिनवर जिथे बसतं, त्याच्या अगदी शेजारी याची जागा. नॅनोमोलरपेक्षाही कमी, म्हणजे अतिसूक्ष्म मात्रेत काम होतं.

इतकं ऐकल्यावर वाटतं, झालं औषध. १९९० च्या दशकात माणसांवर चाचण्या झाल्या. पहिल्या टप्प्यातच पांढऱ्या पेशी घसरू लागल्या, हातापायांच्या नसांना बधिरपणा येऊ लागला. दुसऱ्या टप्प्यात, रुग्णाला झेपेल एवढ्या मात्रेत, गाठींवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. रेणू बाजूला ठेवला गेला.

कारण विचार केला तर स्पष्ट आहे. ट्यूब्युलिन काय फक्त कर्करोगाच्या पेशीत असतं? मेरुदंडापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतातंतूंमध्ये सामानाची ने-आण याच नलिकांवरून चालते. रेणू इतका जालीम आहे, हाच त्याचा दोष ठरला. गोगलगायीची गरज वेगळी असते: तिला खाणाऱ्याचं तोंड पोळलं पाहिजे, बस. कोणाची कोणती पेशी मरते याचा विचार तिथे नाही. औषधाला मात्र तोच विचार लागतो.

१० डिसेंबर २०२४

गेले काही दिवस ऑरिस्टॅटिन. या प्रकल्पातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून सविस्तर लिहिते.

डोलास्टॅटिनच्या माळेत दोन्ही टोकांना बदल केले गेले. शेवटचं टोक, ते थायाझोलवालं डोलाफेनिन, काढून तिथे नॉरएफेड्रिन बसवलं. साधा, स्वस्त, सहज मिळणारा तुकडा. याने झालं ऑरिस्टॅटिन ई. मग सुरुवातीच्या टोकाच्या नायट्रोजनवर दोन मिथाइल गट होते, त्यातला एक काढून टाकला. झालं मोनोमिथाइल ऑरिस्टॅटिन ई, ज्याला सगळे एमएमएई म्हणतात. रेणुभार ७१८.

एक मिथाइल का काढला? ट्यूब्युलिनवर जास्त चांगलं बसावं म्हणून असेल, असा माझा पहिला अंदाज. पण कारण निराळंच. दोन मिथाइल असलेला नायट्रोजन तृतीयक, म्हणजे तिन्ही बंध कार्बनने भरलेले, त्यावर कार्बामेट हा जोडबंध करून काही जोडता येत नाही. एक काढला की एन-एच मोकळा होतो आणि तिथे दोर बांधता येतो. ते रिकामं केलेलं एक हायड्रोजनचं ठिकाण म्हणजे सगळ्या औषधाची कडी.

दोराचं दुसरं टोक प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्यालाच चिकटणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे विष हव्या त्या पेशीपर्यंत पोचतं. सीडी३० हे प्रथिन हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातल्या रीड-स्टर्नबर्ग पेशींवर भरपूर असतं. त्याला ओळखणारा प्रतिपिंड घेतला. प्रतिपिंडाच्या साखळ्यांमधले काही डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध सौम्यपणे तोडून सिस्टीनचे थायॉल, म्हणजे गंधकाचे गट, मोकळे केले, त्यांना मॅलेइमाइड या गटाने दोर जोडला. दोरात व्हॅलिन आणि सिट्रुलिन ही दोन अमिनो आम्लं आणि एक पॅरा-अमिनोबेन्झाइल तुकडा. रक्तात हा दोर टिकतो. पेशीने प्रतिपिंड आत ओढून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, नेला की तिथलं कॅथेप्सिन बी हे विकर (एन्झाइम) सिट्रुलिनच्या पुढे कात्री लावतं, बेन्झाइल तुकडा आपोआप गळून पडतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि एमएमएई मोकळं होतं, नेमकं जिथे हवं तिथे. यंत्रणा फळ्यावर काढली तेव्हा इलेक्ट्रॉनचे बाण इतके सुरेख जुळून आले की मॅडमनी फोटो काढून घेतला.

हे औषध म्हणजे ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन. अमेरिकेत ऑगस्ट २०११ मध्ये मान्यता. ज्यांचा हॉजकिन लिम्फोमा मूळपेशी प्रत्यारोपणानंतरही उलटला होता अशा १०२ रुग्णांच्या चाचणीत ७५ टक्क्यांमध्ये गाठी लक्षणीय कमी झाल्या, ३४ टक्क्यांमध्ये रोगाचा मागमूस उरला नाही. दुसरा काही उपाय हाताशी नसलेले रुग्ण होते हे. आणि लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे हाच प्रतिपिंड विषाशिवाय, एकटा दिला गेला होता तेव्हा हॉजकिनमध्ये त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. विष एकटं फसलं, प्रतिपिंड एकटा फसला. जोडल्यावर औषध झालं.

त्यानंतर याच एमएमएईवर पोलाटुझुमॅब व्हेडोटिन आणि एनफोर्टुमॅब व्हेडोटिन (दोन्ही २०१९), टिसोटुमॅब व्हेडोटिन (२०२१). लिम्फोमा, मूत्राशयाचा कर्करोग, गर्भाशयमुखाचा कर्करोग. नावात 'व्हेडोटिन' दिसलं की समजायचं, यात मॉरिशसच्या त्या सशाचा वारसा आहे.

१३ डिसेंबर २०२४

आतेभाऊ पुण्यात एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. रात्री फोन केला. "दादा, ब्रेन्टुक्सिमॅब कधी हाताळलंस का?" हाताळलंय म्हणाला, आणि मग अर्धा तास सांगत राहिला.

५० मिलिग्रॅमची कुपी, आत पांढरा सुका गोळा. त्यात साडेदहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडायचं, तेही थेट गोळ्यावर नाही, काचेच्या भिंतीवरून. कुपी हलवायची नाही, हळूच गोल फिरवायची. जोरात हलवली तर प्रथिनाच्या गुठळ्या होतात. मग सलाइनच्या पिशवीत मिसळून अर्ध्या तासात शिरेतून. सगळं काम बंदिस्त कॅबिनेटमध्ये, दुहेरी हातमोजे घालून. मात्रा वजनाच्या किलोमागे १.८ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. ब्लिओमायसिनबरोबर कधीच नाही, फुप्फुसाला धोका.

"आणि दर वेळी पेशंटला विचारायचं," दादा म्हणाला, "शर्टाची बटणं लावता येतात का? चप्पल पायातून निसटते तरी कळतं का?" नसांचा बधिरपणा. म्हणजे १९९० च्या दशकात डोलास्टॅटिनने जी वाट अडवली होती ती पूर्ण मोकळी झालेली नाही. थोडं विष दोरातून आधीच सुटतं आणि नसांपर्यंत पोचतं. पण आता ते मात्रा कमी करून, थांबवून, सांभाळता येतं. अहवालात हा परिच्छेद औषधाच्या यशाच्या शेजारीच टाकणार. वेगळ्या 'दुष्परिणाम' भागात ढकलून द्यायचा नाही.

१४ डिसेंबर २०२४

दादाने दिलेल्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला.

रुग्णाचं वजन ६० किलो धरलं. एक मात्रा १०८ मिलिग्रॅम. या संयुगाचा रेणुभार सुमारे १,५३,०००. एका प्रतिपिंडावर सरासरी चार एमएमएई, म्हणजे ४ गुणिले ७१८, २,८७२. एकूण वजनाच्या दोन टक्क्यांहून किंचित कमी. १०८ मिलिग्रॅमच्या मात्रेत प्रत्यक्ष विष साधारण २ मिलिग्रॅम. जास्तीत जास्त सोळा मात्रा देतात असं धरलं तर एका रुग्णाला पूर्ण उपचारात सुमारे ३२ मिलिग्रॅम.

मॉरिशसच्या एक टन समुद्री सशांमधून मिळालं होतं २९ मिलिग्रॅम.

एका माणसाच्या उपचारासाठी एक टनाहून जास्त प्राणी. (रेणू तंतोतंत तोच नाही हे मान्य, पण वजनाचा अंदाज यायला पुरेसं आहे.) समुद्रातून उपसून हे औषध कधीच झालं नसतं. आज वापरात असलेला प्रत्येक कण कारखान्यात संश्लेषणाने बनतो. हा हिशेब अहवालाच्या पहिल्या पानावर घ्यायचा.

३१ डिसेंबर २०२४

काल अमावास्या, आज उधाणाची ओहोटी. प्राणिशास्त्राच्या मुलांबरोबर उजाडता उजाडता आरे-वारेच्या कातळावर. त्यांचा नियम कडक: काही उचलायचं नाही, उलटवलेला दगड होता तसा ठेवायचा, फक्त फोटो आणि नोंद. मला तसंही काही उचलायचं नव्हतं. त्या टन-मिलिग्रॅमच्या हिशेबानंतर तर मुळीच नाही.

एका उथळ डबक्यात, शेवाळी गाळावर, एक समुद्री ससा मिळाला. बर्साटेला. अंगभर झिपऱ्या, मातकट हिरवा, मध्ये मध्ये निळे ठिपके डोळ्यांसारखे चमकणारे. आमच्या सावलीने बिचकला असावा, कारण जांभळी शाई सोडली आणि डबकं बघता बघता रंगलं.

या शाईवर संध्याकाळी वाचन केलं. समुद्री सशांमध्ये शाईची ग्रंथी वेगळी आणि ओपलाइन नावाच्या चिकट पांढऱ्या द्रवाची ग्रंथी वेगळी. कॅलिफोर्नियातल्या अप्लिझिया या सशाच्या शाईत एस्केपिन हे विकर असतं आणि त्याला लागणारं लायसिन असतं ओपलाइनमध्ये. दोन्ही शरीरात एकत्र येतच नाहीत. बाहेर पाण्यात मिसळले की क्रिया सुरू होते, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि इतर काही जहाल पदार्थ तयार होतात. हे मिश्रण जिवाणूंनाही मारतं, त्यामुळे जखमांवर चिकट थर करून बसणाऱ्या हट्टी जिवाणूंसाठी त्याचा अभ्यास झालेला आहे. जांभळा रंगसुद्धा खाल्लेल्या लाल शेवाळातल्या रंगद्रव्यापासून बनवलेला.

बर्साटेलाच्या जांभळ्या द्रवातून एचआयव्हीला विरोध करणारं ६० किलोडाल्टनचं प्रथिन वेगळं केल्याचं काम भारतातच झालंय, २००२ मध्ये प्रसिद्ध. ते ताटलीतल्या पेशींवरच थांबलं. अहवालात एका ओळीत घेईन, त्याहून मोठी जागा देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

परतताना कालवं काढणाऱ्या एक मावशी भेटल्या. आमच्या कॅमेऱ्यात डोकावून म्हणाल्या, "काय गो, ह्याला बाजारात भाव हाय काय?" मी त्यांना टनाचा आणि मिलिग्रॅमचा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, "मग ऱ्हाऊंदे त्याला तिथंच." याहून नेमकं मला लिहिता येणार नाही.

८ जानेवारी २०२५

विष बनवतो कोण, या प्रश्नाकडे परत.

डोलास्टॅटिन १० च्या बाबतीत उत्तर २००१ मध्ये आलं. पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरून गोळा केलेल्या सिम्प्लोका या सायनोबॅक्टेरियातून, म्हणजे ज्याला आपण नीलहरित शेवाळ म्हणतो त्यातून, ल्यूश, मूर आणि पॉल यांच्या गटाने थेट डोलास्टॅटिन १० वेगळं केलं. समुद्री सशाच्या तुलनेत कितीतरी जास्त प्रमाणात. ससा शेवाळ चरतो, शेवाळात हे जीवाणू, विष पोटातून अंगात साठतं. पेटिट यांच्या गटाने टनभर प्राण्यांमधून जे गाळून काढलं ते सशाने आधीच समुद्रातून गाळून ठेवलेलं होतं.

दुसरा रेणू: काहालालाइड एफ. हवाईतल्या एलिसिया रुफेसेन्स या हिरव्या गोगलगायीतून हामन आणि शॉयर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला. ही गोगलगाय ब्रायोप्सिस शेवाळ खाते आणि शेवाळाची हरितलवकंही काही काळ अंगात जिवंत ठेवते. काहालालाइड एफच्या माणसांवरच्या चाचण्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. पण रेणूच्या उगमाची गोष्ट २०१९ मध्ये उलगडली. गोगलगाय बनवत नाही, शेवाळही बनवत नाही. शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू बनवतो. त्या जिवाणूचा जनुकसंच छाटून छाटून लहान झालेला, स्वतंत्र जगण्याची बरीच सोय गमावलेला, आणि तरीही विषारी पेप्टाइड जोडणारी मोठमोठी जनुकं त्याने जपून ठेवलेली. शेवाळ घर देतं, भाडं विषात घेतं. गोगलगाय येते, शेवाळ खाते, जिवाणू पचवून टाकते आणि विष तेवढं ठेवून घेते.

१७ जानेवारी २०२५

जोरुमायसिन. हा रेणू निवडताना मन थोडं पक्षपाती होतं, कारण २००० साली तो प्रसिद्ध करणाऱ्या पाच जणांमध्ये गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सोलीमाबी वाहिदुल्ला आणि सी. जी. नाईक आहेत, बाकी तिघं इटलीत नेपल्सजवळच्या चिमिनो यांच्या गटातले. म्हणजे आपल्या शेजारच्या प्रयोगशाळेचा या जागतिक गोष्टीत हात आहे. इथल्या विद्यार्थ्यांना हे कोणी सांगत का नाही?

जोरुना फ्युनेब्रिस ही पांढरी, गडद काळपट ठिपक्यांची गोगलगाय. तिच्या पाठीवरच्या आवरणातून आणि स्रावातून हा रेणू मिळाला. दोन आयसोक्विनोलिन घटक (नायट्रोजन असलेली जोडवलयं) जोडून झालेला पाच वलयांचा सांगाडा, दोन टोकांना क्विनोन आणि मध्ये एक कार्बिनॉलअमाइन, म्हणजे एकाच कार्बनवर ओएच आणि नायट्रोजन. तो ओएच गट निघून जातो, धनभारित इमिनियम आयन बनतो आणि डीएनएच्या अरुंद खाचेतल्या ग्वानिनला जाऊन चिकटतो. पण हाच गट रेणूला नाजूकही करतो. वेगळा करतानाच बिघडतो. थायलंडच्या संशोधकांनी यावर तोड काढली: अर्काला आधी पोटॅशियम सायनाइड दाखवायचं, म्हणजे ओएचच्या जागी सायनो गट बसतो आणि रेणू टिकतो. त्यातून जोरुनामायसिन मालिका मिळाली. सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकातला, इमिनियमवर सायनाइड जोडण्याचा स्ट्रेकर प्रकारचा विचार, गोगलगायीच्या अर्कावर.

हाच सांगाडा असलेलं औषध बाजारात आहे: ट्राबेक्टेडिन. ते मुळात कॅरिबियन समुद्रातल्या एका अंगरखाधारी (ट्युनिकेट), पिशवीसारख्या, एका जागी चिकटून राहणाऱ्या प्राण्यातलं, युरोपात २००७ मध्ये मंजूर, मऊ ऊतींच्या सार्कोमा या कर्करोगासाठी. आज ते बनवतात स्यूडोमोनास जिवाणूच्या किण्वनातून मिळालेल्या सायनोसाफ्रासिन बीपासून. जोरुमायसिनच्या धर्तीवर झालिप्सिस नावाचं कृत्रिम संयुगही दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत गेलं होतं, पुढे सरकलं नाही. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतल्या ब्रायन स्टोल्ट्झ यांच्या गटाने जोरुमायसिनचं छोट्या मार्गाने संश्लेषण केलं: सपाट दुहेरी आयसोक्विनोलिन घेऊन उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजन घालायचा आणि एकाच भांड्यात चार किरल केंद्रं हवी तशी मिळवायची. ती पायरी मी तीनदा वाचली, निव्वळ आनंदासाठी.

बनवतो कोण? जोरुना निळा स्पंज खाते. तशाच निळ्या हॅलिक्लोना स्पंजात, पलाऊमध्येच, याच कुळातले रेनिएरामायसिन रेणू स्पंजाच्या विशिष्ट पेशींत राहणारा एक जिवाणू बनवतो, हे २०१९ मध्येच दाखवलं गेलं. ट्राबेक्टेडिनच्या प्राण्यातही असाच आत राहणारा वेगळा जिवाणू. तिन्ही धागे एकाच दिशेला जातात.

२४ जानेवारी २०२५

मॅडमनी अडवलं. "म्हणजे गोगलगाय निव्वळ चोर?" असं सरसकट लिहू नकोस म्हणाल्या, अपवाद शोध.

शोधले. भूमध्य समुद्रातली डेन्ड्रोडोरिस लिम्बाटा ही गोगलगाय पॉलिगोडायल हे झोंबणारं संयुग स्वतः बनवते. चिमिनो यांच्याच गटाने किरणोत्सारी मेव्हॅलोनेट (अशी संयुगं बनवण्याचा कच्चा माल) देऊन ते दाखवलं होतं. आणि २०२० चं काम तर फार सुंदर आहे: एलिसिया क्लोरोटिका ही हिरवी गोगलगाय आपल्याच जनुकांतून, मेदाम्लं बनवणाऱ्या विकरांच्या नात्यातलं विकर वापरून, पॉलिप्रोपिओनेट रेणू तयार करते, आणि त्यासाठी लागणारा कार्बन शेवाळाकडून घेतलेल्या हरितलवकांच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. प्राणी स्वतः पॉलिकेटाइड बनवतो (पॉलिप्रोपिओनेट हा त्यातलाच प्रकार) हे दुर्मीळ आहे.

निवडीचं उदाहरणही मिळालं. क्रोमोडोरिस वंशातल्या जवळच्या नात्यातल्या जाती वेगवेगळे स्पंज खातात, अन्नातून अनेक संयुगं येतात, पण पाठीच्या कडेला, जिथे मासा आधी चावेल तिथे, साठवतात फक्त लॅट्रन्क्युलिन ए. हा रेणू ॲक्टिन प्रथिनाला पकडतो आणि पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये रोजच्या वापरातलं साधन आहे. गोगलगाय निवडते, साठवते, जागेवर ठेवते, क्वचित बनवतेही. अहवालात 'चोर' हा शब्द येणार नाही.

५ फेब्रुवारी २०२५

संगणकावरचं काम. ट्यूब्युलिनला चिकटलेल्या एमएमएईची स्फटिकरचना, प्रथिनांच्या खुल्या संग्रहात ५आयवायझेड या क्रमांकाची, उघडून तासन्‌तास फिरवून पाहिली. दोन ट्यूब्युलिनच्या सांध्यात, व्हिन्ब्लास्टिनच्या जागेला लागून, रेणू लांबट पडलेला. द्रावणात व्हॅलिन आणि डोलाआयसोल्युइनमधला अमाइड बंध सिस (साखळीचे तुकडे एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) अशा दोन्ही मांडणींत असतो. चिकटलेला आहे तो ट्रान्स. मिथाइल काढून दोर बांधलेलं टोक नीट पाहिलं आणि आकृतीत वेगळ्या रंगाने दाखवलं. चार आकृत्या तयार. महाविद्यालयातल्या संगणकावर दोनदा वीज गेली, बाकी काही नाही.

१९ फेब्रुवारी २०२५

विभागात सादरीकरण झालं. पहिला प्रश्न अपेक्षित नव्हता. बी.एस्सी.च्या एका मुलाने मोबाइल पुढे केला: समुद्री गोगलगायीची पावडर, 'कर्करोगावर समुद्राचं वरदान', ग्रुपवर आलेला मेसेज. त्याच्या काकांना लिम्फोमा आहे आणि घरात कोणीतरी ती मागवायच्या विचारात होतं.

मी स्लाइड सोडून फळ्याकडे गेले. अख्ख्या प्राण्यात काय असतं ते लिहिलं: असलंच तर टनाला २९ मिलिग्रॅम, तेही विशिष्ट ठिकाणचं, विशिष्ट शेवाळ खाल्लेलं; बरोबर इतर कोणती विषं येतील याचा भरवसा नाही. शेजारी औषधात काय असतं ते लिहिलं: मोजलेले २ मिलिग्रॅम, दोराने बांधलेले, सीडी३० पाहून सुटणारे. शुद्ध डोलास्टॅटिन, अनुभवी डॉक्टरांच्या हातून, रुग्णालयात दिलं तेव्हाही ते झेपलं नव्हतं आणि उपयोगीही पडलं नव्हतं. मग पावडर काय करणार? काकांच्या डॉक्टरांना गाठीच्या तपासणीत सीडी३० होतं का हे विचार, म्हणून त्याला सांगितलं. तो प्रश्न कामाचा आहे.

या मुलासाठी म्हणून तरी हे मराठीत लिहायला हवं. मॅडमशी बोलले, विभागाच्या भित्तिपत्रकासाठी चार पानं द्यायची ठरलं.

३ मार्च २०२५

अहवाल बांधायला गेला. शेवटच्या तक्त्यात रकाने असे ठेवले: रेणू, कोणत्या प्राण्यात सापडला, प्रत्यक्षात कोण बनवतो, कुठे जाऊन चिकटतो, माणसांपर्यंत कुठवर पोचला. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी जिवाणूच आले आहेत. पाचव्या रकान्यात 'मंजूर औषध' हा शब्द फक्त डोलास्टॅटिनच्या ओळीत, तोही 'बदल करून, प्रतिपिंडाला जोडून' या पुरवणीसकट. जोरुमायसिनपुढे 'नात्यातला रेणू मंजूर' एवढंच लिहिलं. फिलिडियाच्या आयसोनायट्राइलपुढे 'मलेरियाच्या परजीवीवर प्रयोगशाळेत परिणामकारक' आणि एस्केपिनपुढे 'प्रयोगशाळेत'.

भित्तिपत्रकाच्या चार पानांत पहिलं पान टन-मिलिग्रॅमच्या हिशेबाचं, दुसरं मिथाइल काढून दोर बांधण्याचं, तिसरं जोरुमायसिन आणि दोना पावल्याचं. चौथ्यावर पावडरीच्या मेसेजला उत्तर आणि दादाने सांगितलेले बटणांचे, चपलांचे प्रश्न. उपचार चालू असलेल्या घरी ते वाचले जावेत अशी फार इच्छा आहे. गुरुवारपर्यंत मजकूर मॅडमकडे द्यायचा आहे, आकृत्यांची नावं मराठीत घालायची राहिली आहेत.